कुळांचे टार्टन आणि किल्ट

कुळांचे टार्टन आणि किल्ट ही स्कॉटलंडमधील एक वस्त्रपरंपरा आहे. ठरावीक क्रमाने रंगीत उभे-आडवे पट्टे विणून तयार केलेल्या चौकड्यांच्या लोकरी कापडास टार्टन म्हणतात. या कापडाचा, मागच्या बाजूस निऱ्या असलेला आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारा पुरुषांचा पोशाख म्हणजे किल्ट. विशिष्ट आडनावाशी किंवा कुळाशी विशिष्ट टार्टन जोडलेले असते आणि त्या कुळातील माणसे ते पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, असा आज सर्वत्र समज आहे. विवाह, अंत्यविधी, पदवीदान, कुळमेळावे आणि हायलँड खेळ अशा प्रसंगी हा पोशाख आवर्जून केला जातो. टार्टनचे कापड पुरातन असले, तरी एका कुळास एक टार्टन ही पद्धत मात्र मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली, असे बहुतेक इतिहाससंशोधकांचे मत आहे.

संज्ञा

स्कॉटलंडच्या वायव्येकडील डोंगराळ भाग व बेटे यांना हायलँड, तर दक्षिण व पूर्वेकडील सखल प्रदेशास लोलँड म्हणतात. हायलँडमधील गेलिक भाषेत टार्टनला 'ब्रेकन' असे नाव असून त्याचा अर्थ ठिपकेदार किंवा चित्रविचित्र असा होतो. 'किल्ट' हा शब्द गेलिक नाही. तो स्कँडिनेव्हियन मूळ असलेल्या, वस्त्र वर खोचणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला. 'प्लेड' या शब्दाचा मूळ अर्थ घोंगडी किंवा पांघरूण. अमेरिकेत मात्र चौकड्यांच्या नक्षीलाच प्लेड म्हणण्याची रीत पडली असून त्यामुळे वाचकांचा पुष्कळदा गोंधळ होतो.

कुळ या अर्थाचा 'क्लॅन' हा शब्द गेलिकमधील 'क्लान' म्हणजे मुले, संतती यावरून आला आहे. परंतु कुळातील सर्व माणसे एका रक्ताची होती असे नाही. कुळप्रमुखाच्या जमिनीवर राहणारी, त्याच्या आश्रयास आलेली कुटुंबेही त्याचे आडनाव लावीत. काही लहान घराणी स्वतःचे आडनाव राखून मोठ्या कुळाशी संलग्न राहत. अशा संलग्न आडनावांना 'सेप्ट' म्हणतात. कोणी कोणते टार्टन वापरावे, या प्रश्नात या सेप्टांच्या याद्यांना पुढे मोठे महत्त्व आले.

विणीची रचना

टार्टनच्या विणीत आडवा धागा (बाणा) दोन उभ्या धाग्यांवरून (ताण्यावरून) व पुढच्या दोन धाग्यांखालून जातो आणि प्रत्येक ओळीत ही जागा एका धाग्याने सरकते. त्यामुळे कापडावर बारीक तिरप्या रेघा दिसतात. ताण्यात रंगांचा जो क्रम असतो तोच सामान्यतः बाण्यातही असतो. एकाच रंगाचे धागे जिथे एकमेकांस छेदतात तिथे तो रंग शुद्ध दिसतो. भिन्न रंगांचे धागे छेदतात तिथे मिश्र छटा उमटते. यामुळे मोजक्या रंगांतून पुष्कळ छटा निघतात. दोन रंगांच्या टार्टनमध्ये एकूण तीन छटा दिसतात, तर सहा रंगांच्या टार्टनमध्ये एकवीस.

रंगपट्ट्यांच्या एका पूर्ण आवर्तनास 'सेट' असे म्हणतात. बहुतेक सेट मध्यबिंदूपाशी उलटतात, म्हणजे पट्टे एका दिशेने मोजत गेल्यावर त्याच क्रमाने परत येतात. म्हणून कोणत्या रंगाचे किती धागे, एवढे आकडे लिहून ठेवले की संपूर्ण नक्षी पुन्हा विणता येते. हा हिशेब जपण्याची रीत जुनी आहे. स्काय बेटावरचे लेखक मार्टिन मार्टिन यांनी १७०३ साली प्रसिद्ध झालेल्या पश्चिम बेटांच्या वर्णनात, तेथील स्त्रिया प्रत्येक पट्ट्यातील धाग्यांची संख्या लाकडाच्या तुकड्यावर नोंदवून ठेवीत, असे म्हटले आहे.

टार्टनच्या नावामागे लागणारी काही विशेषणे फसवी आहेत. 'एन्शंट', म्हणजे प्राचीन, याचा अर्थ नक्षी प्राचीन आहे असा नसून वनस्पतीजन्य रंगांसारख्या फिक्या छटा वापरल्या आहेत एवढाच आहे. 'मॉडर्न' म्हणजे कृत्रिम रंगांच्या गडद छटा. 'वेदर्ड' म्हणजे ऊनपाऊस खाल्ल्यासारख्या, विटक्या छटा. 'हंटिंग' प्रकारात हिरवा, निळा, तपकिरी असे शांत रंग असतात आणि 'ड्रेस' प्रकारात बहुधा एका मुख्य रंगाच्या जागी पांढरा घातलेला असतो. एकाच कुळाच्या एकाच सेटचे कापड या भेदांमुळे दुकानात चार-पाच रूपांत मिळते. शिवाय प्रत्येक गिरणीची छटा थोडी वेगळी असते. वडिलांच्या किल्टशी मुलाचा नवा किल्ट नेमका जुळावा असे वाटत असेल, तर नाव सांगून भागत नाही. कापडाचा नमुना घेऊन जावे लागते.

इतिहास

प्रारंभिक पुरावे

स्कॉटलंडमध्ये सापडलेला चौकड्यांच्या कापडाचा सर्वांत जुना नमुना इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील आहे. रोमन नाण्यांनी भरलेल्या एका मडक्याच्या तोंडाशी बोळ्यासारखा कोंबलेला हा तुकडा फॉल्कर्क येथे मिळाला. त्यात न रंगवलेली फिकी व तपकिरी लोकर वापरली आहे. तो एडिंबरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. रंगवलेल्या धाग्यांचा, खऱ्या अर्थाने टार्टन म्हणता येईल असा जुना नमुना ग्लेन ॲफ्रिक या दरीतील पीटच्या दलदलीत मिळाला. शास्त्रीय परीक्षणानंतर तो सोळाव्या शतकाच्या आसपासचा ठरला आणि २०२३ साली डंडी येथील संग्रहालयात प्रथमच मांडला गेला. यांपैकी कोणत्याही तुकड्यावरून कुळाचा बोध होत नाही.

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हायलँडमधील पुरुष 'फेले मोर', म्हणजे मोठे प्लेड, वापरीत असल्याचे उल्लेख मिळतात. हे न शिवलेले, चार-पाच मीटर लांबीचे लोकरी वस्त्र असे. ते जमिनीवर पसरून त्याच्या निऱ्या घालीत, त्यावर आडवे होऊन कमरेस पट्टा आवळीत आणि उरलेला वरचा भाग खांद्यावर घेऊन अडकवीत. दिवसा पोशाख, पावसात डोक्यावर कुंची आणि रात्री पांघरूण असा त्याचा तिहेरी उपयोग होई. अठराव्या शतकाच्या सुरुवातीस याचा फक्त खालचा भाग वापरण्याची पद्धत आली. त्यास 'फेले बेग', म्हणजे लहान प्लेड, म्हणत. आजचा किल्ट हा त्याचाच शिवलेला अवतार होय. इन्व्हरगॅरीजवळ लोखंडाची भट्टी चालवणारा टॉमस रॉलिन्सन या इंग्रज कारखानदाराने, मजुरांना मोठे वस्त्र अडचणीचे होते म्हणून, हा आखूड प्रकार काढला अशी एक कथा १७८५ साली छापली गेली. हायलँडचा मानबिंदू इंग्रजाच्या डोक्यातून निघाला हे अनेकांना रुचत नाही आणि त्याआधीही आखूड प्रकार वापरात असल्याचा दावा केला जातो. वाद अद्याप मिटलेला नाही.

या काळात टार्टनवरून कुळ ओळखू येत असे काय? मार्टिन मार्टिन यांच्या मते प्लेड पाहून माणसाचे राहण्याचे ठिकाण सांगता येई. म्हणजे ओळख होती ती गावाची, तेथील विणकराची व तेथे मिळणाऱ्या रंगांची, कुळाची नव्हे. ग्रँट घराण्याच्या प्रमुखाने १७०४ साली आपल्या कुळांना तांबड्या-हिरव्या टार्टनचे कपडे करण्याचा हुकूम दिला होता, हा कुळटार्टनच्या बाजूने वारंवार दिला जाणारा दाखला आहे. परंतु त्याच घराण्यातील व्यक्तींची व सेवकांची रिचर्ड वेट या चित्रकाराने पुढील काही वर्षांत जी चित्रे काढली, त्यांतील टार्टन एकमेकांशी जुळत नाहीत आणि आजच्या ग्रँट टार्टनशीही जुळत नाहीत. १७४५च्या उठावातील एका लढाईचे डेव्हिड मोरिए याने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्यात एकेका योद्ध्याच्या अंगावर दोन-दोन, तीन-तीन निरनिराळी टार्टन दिसतात. त्या काळी मित्र-शत्रूची ओळख टोपीवरच्या फितीवरून किंवा वनस्पतीच्या डहाळीवरून होई.

बंदी

पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याचा वारस चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्ट याच्या बाजूने १७४५ साली झालेला उठाव १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर चिरडला गेला. त्यानंतर ब्रिटिश संसदेने हायलँडची समाजव्यवस्था मोडण्यासाठी कायदे केले. कुळप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेण्यात आले, शस्त्रे जमा करण्यात आली आणि पोशाखावरही बंदी आली. सैन्यात असलेल्यांचा अपवाद करून स्कॉटलंडमधील कोणाही पुरुषाने वा मुलाने प्लेड, किल्ट अथवा टार्टनचा कोट वापरू नये, असा हा कायदा १ ऑगस्ट १७४७ पासून अमलात आला. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने तुरुंगवास आणि दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार वसाहतीत रवानगी अशी शिक्षा होती. अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली नाही. दूरच्या खोऱ्यांत तिची धार लवकरच बोथट झाली. स्त्रियांना बंदी लागू नव्हती.

लंडनमधील हायलँड सोसायटीच्या प्रयत्नांनी १ जुलै १७८२ रोजी हा कायदा रद्द झाला. पण जवळजवळ पस्तीस वर्षांत एक पिढी किल्टशिवाय वाढली होती. घरोघरी रंगवण्या-विणण्याचे ज्ञान, त्यातील स्थानिक खुणा आणि नित्याच्या वापराची सवय यांत खंड पडला. कुटुंबाकुटुंबांतून टार्टनची परंपरा अखंड चालत आली, असे ज्यांना म्हणायचे असते त्यांच्यापुढे हा खंड उभा राहतो. बंदी उठल्यावर रोजच्या वापरात किल्ट फारसा परतला नाही. तो परतला समारंभाचा पोशाख म्हणून, आणि त्यास उचलून धरणाऱ्यांत शहरांतील जमीनदार, सेनाधिकारी व व्यापारी पुढे होते.

कारखाने, राजा आणि बनावट हस्तलिखित

स्टर्लिंगजवळच्या बॅनकबर्न येथील विल्यम विल्सन अँड सन्स या कापड कारखान्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून टार्टन मोठ्या प्रमाणावर विणले. सैन्यास पुरवठा करणारा हाच प्रमुख कारखाना होता. त्यांच्या नक्षींना आरंभी बहुधा नुसते क्रमांक असत. पुढे खपाच्या सोयीसाठी गावांची, व्यक्तींची व कुळांची नावे पडली. कारखान्याची १८१९ सालची नमुनेवही आजही संशोधनाचे महत्त्वाचे साधन आहे.

हायलँड सोसायटीने १८१५ साली कुळप्रमुखांना पत्रे पाठवून आपापल्या कुळाच्या टार्टनचे नमुने सही-शिक्क्यानिशी पाठवण्याची विनंती केली. अनेकांची पंचाईत झाली. आपल्या कुळाचे टार्टन नेमके कोणते, हे आपणास खरोखर ठाऊक नाही, असे खुद्द लॉर्ड मॅकडोनाल्ड यांनी कळवले आणि खात्रीचा नमुना मिळाल्यास आपल्यालाच हवा आहे, असा उलट निरोप दिला. काहींनी वृद्धांना विचारले, काहींनी कारखानदारांना. मॅकफर्सन कुळाचे उदाहरण इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी नोंदवले आहे. या कुळाच्या प्रमुखास मिळालेली नक्षी त्यापूर्वी किड नावाच्या गिऱ्हाइकास वेस्ट इंडीजमधील त्याच्या गुलामांच्या कपड्यांसाठी विकली जात होती आणि त्याही आधी तिला केवळ एक क्रमांक होता.

ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरा येथे आला. १६५१ नंतर स्कॉटलंडच्या भूमीवर पाऊल ठेवणारा हा पहिलाच राज्यकर्ता सम्राट. स्वागताची जबाबदारी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्याकडे होती. त्यांनी कुळप्रमुखांना आपल्या माणसांसह हायलँड पोशाखात येण्याचे आवाहन केले आणि राजानेही टार्टनचा किल्ट घातला. ज्या लोलँडच्या नागरिकांचे वाडवडील हायलँडच्या पोशाखाकडे लुटारूंचा वेष म्हणून पाहत आले होते, ते आता आपल्या आडनावाचे टार्टन शोधू लागले. मागणी इतकी वाढली की विल्सन कारखान्यास उत्पादन वाढवावे लागले. याच सुमारास हायलँडच्या खोऱ्यांतून मेंढीपालनासाठी कुळे उठवली जात होती. कापड सन्मानास चढत असता ते ज्यांचे होते ती माणसे घरे सोडून कॅनडाच्या जहाजावर चढत होती, ही विसंगती तेव्हाच्या काही समकालीनांच्याही नजरेतून सुटली नाही.

पुढचे वळण अधिक चमत्कारिक आहे. जॉन व चार्ल्स ॲलन या दोघा भावांनी आपण चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्टचे नातू असल्याचे भासवून 'सोबिएस्की स्ट्युअर्ट' हे नाव धारण केले. सोळाव्या शतकातील हस्तलिखितावर आधारित म्हणून त्यांनी १८४२ साली 'व्हेस्टिअरियम स्कोटिकम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पंचाहत्तर टार्टनांची रंगीत चित्रे होती आणि लोलँडमधील घराण्यांनाही टार्टन बहाल केली होती. मूळ हस्तलिखित त्यांनी परीक्षणास कधीच दिले नाही. वॉल्टर स्कॉट यांनी प्रकाशनापूर्वीच, १८२९ साली, त्याविषयी शंका व्यक्त केली होती. हा ग्रंथ बनावट असल्याचे आता सर्वमान्य आहे. तथापि लुईस बेटाच्या मॅकलाउड घराण्याचे भडक पिवळे-काळे टार्टन आणि इतर अनेक कुळांची आजची अधिकृत टार्टन याच ग्रंथातून आलेली असून ती सहा-सात पिढ्या अभिमानाने वापरली जात आहेत.

राणी व्हिक्टोरिया व प्रिन्स अल्बर्ट यांनी १८५२ साली बॅल्मोरलची मालमत्ता विकत घेतल्यावर या वेडास राजमान्यता मिळाली. अल्बर्ट यांनी स्वतः बॅल्मोरल टार्टनची रचना केली. ते वापरण्यास आजही राजाची अनुमती लागते. १८५६ नंतर आलेल्या कृत्रिम रंगांनी टार्टन अधिक झगझगीत झाले.

परंपरेच्या खरेपणाविषयीचा वाद

'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' या १९८३ सालच्या ग्रंथातील निबंधात ट्रेव्हर-रोपर यांनी किल्ट आणि कुळटार्टन ही आधुनिक काळात रचलेली परंपरा असल्याचे प्रतिपादन केले. निबंध धारदार असून त्यावर स्कॉटिश अभ्यासकांनी आक्षेप घेतले. टार्टनचे कापड व निऱ्यांचे वस्त्र ही दोन्ही त्यांनी सांगितल्यापेक्षा जुनी आहेत, अठराव्या शतकात टार्टन ही राजकीय निष्ठेची खूण होती आणि म्हणूनच तर तिच्यावर बंदी आली, हे मुद्दे वजनदार आहेत. कुळागणिक ठरलेल्या नक्षीबाबत मात्र ट्रेव्हर-रोपर यांचे म्हणणे कोणास खोडता आलेले नाही. येथे दोन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक आहे: नक्षी कुळाची कधी झाली, हा एक, आणि ती एखाद्या घरात किती पिढ्या आहे, हा दुसरा. पणजोबांनी १८८० साली शिवून घेतलेला किल्ट पणतू वापरत असेल, तर त्या घरापुरती ती परंपरा खरीच असते, मग नक्षीचा उगम कारखान्याच्या वहीत असो वा बनावट ग्रंथात.

परिधानाचा अधिकार

कोणी कोणते टार्टन वापरावे याविषयी कायदा नाही. कुळाच्या प्रमुखास आपल्या कुळाचे टार्टन ठरवण्याचा मान असतो आणि त्याच्या विनंतीवरून ते लॉर्ड लायन या स्कॉटिश राजचिन्हाधिकाऱ्याच्या दप्तरी नोंदवता येते. बाकी सर्व शिष्टाचाराचा भाग आहे.

सामान्यतः माणूस वडिलांच्या आडनावाचे टार्टन वापरतो. आडनावास स्वतंत्र टार्टन नसल्यास ते कोणत्या कुळाचे सेप्ट आहे हे पाहतात. तेही न जमल्यास आईच्या किंवा आजीच्या कुळाचे टार्टन चालते. घराण्याचे मूळ गाव ठाऊक असेल तर त्या परगण्याचे टार्टन घेता येते. ज्यांचा कोणत्याच कुळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी 'ब्लॅक वॉच'सारखी सर्वांना खुली मानली जाणारी टार्टन आहेत.

सेप्टांच्या याद्या एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांनी सढळ हाताने वाढवल्या, त्यामुळे त्यांवर डोळे झाकून विसंबणे योग्य नाही. पण काही याद्यांमागे खरा आणि दुःखद इतिहास आहे. मॅकग्रेगर कुळाचे नावच राजा सहावा जेम्स याने १६०३ साली बेकायदा ठरवले. त्या नावाने वावरणाऱ्यास मृत्युदंड होता. मधल्या काळात बंदी उठली, पुन्हा लागली आणि अखेर १७७४ साली कायमची रद्द झाली. तोवर कित्येक कुटुंबे दुसऱ्या आडनावांखाली जगली आणि काहींनी ती तशीच ठेवली. आज त्यांचे वंशज मॅकग्रेगरांचे तांबडे-हिरवे टार्टन नेसतात तेव्हा आडनावाने न दिसणारे नाते ते कापडाने सांगत असतात.

स्त्रियांचा पोशाख

पूर्वी हायलँडमधील स्त्रिया 'आरिसेद' हे पायघोळ प्लेड पांघरीत. आता टार्टनचा लांब घागरा अथवा खांद्यावरून घेतलेला टार्टनचा पट्टा, म्हणजे सॅश, रूढ आहे. सॅश कशी घ्यावी याविषयी लॉर्ड लायन यांच्या संमतीने काही संकेत ठरले आहेत. कुळातील सामान्य स्त्रिया ती उजव्या खांद्यावर घेतात. कुळप्रमुखाची पत्नी व पलटणीच्या कर्नलची पत्नी डाव्या खांद्यावर घेतात. दुसऱ्या कुळात लग्न होऊन गेलेल्या स्त्रीस माहेरचेच टार्टन चालू ठेवायचे असेल, तर तिने सॅश उजव्या खांद्यावर घेऊन तिची मोठी गाठ डाव्या कमरेवर बांधावी. विवाहानंतर नवऱ्याचे टार्टन घ्यावे की वडिलांचे ठेवावे, यावर सक्ती नाही. काही विवाहांत वधूस वराच्या टार्टनचा पट्टा किंवा फुलाच्या आकाराची फीत लावून कुळात सामावून घेतले जाते. ही रीत अलीकडची असली तरी लोकप्रिय आहे.

किल्टची शिवण आणि जतन

प्रौढ पुरुषाच्या पारंपरिक किल्टला सुमारे आठ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटर, कापड लागते. पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर आणि मागे दाट निऱ्या अशी त्याची घडण असते. वरचा पदर उजव्या बाजूस संपतो, तेथे धाग्यांची झालर ठेवतात. निऱ्या दोन प्रकारे घालतात: एकीत प्रत्येक निरीवर पुढचा पट्टा येऊन मागेही पूर्ण सेट सलग दिसतो, दुसरीत प्रत्येक निरीच्या मध्यावर एकच पट्टा येतो, त्यामुळे पाठमोरा किल्ट पुढच्यापेक्षा वेगळा दिसतो. ही दुसरी पद्धत मुख्यतः पलटणींत रूढ आहे. खालच्या कडेस दुमड नसते. मागावरची मूळ किनारच तेथे येते. म्हणून उंची आधीच अचूक मोजावी लागते. किल्ट गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत असावा असा संकेत आहे.

चांगला किल्ट हाताने शिवतात आणि तो पिढ्यांना पुरतो. त्याचे कारण निऱ्यांमध्ये दडलेल्या कापडात आहे. नेसणाऱ्याचा घेर थोडा बदलला तर बाजूचे बंद आणि बकले सरकवून भागते. फरक मोठा असेल तर कुशल कारागीर निऱ्या उसवून नव्याने घालतो. फार जुन्या, जागोजाग विरलेल्या किल्टमधून लहान मुलाचा किल्ट काढता येतो. वापरापेक्षा कसर लागून अधिक किल्ट नष्ट होतात. किल्टबरोबरच्या वस्तूही वारशाने येतात: कमरेस पुढे लटकणारी चामड्याची किंवा केसाळ कातड्याची थैली (स्पॉरन), उजव्या किंवा डाव्या मोज्यात खोचलेला लहान सुरा (स्गीअन डू) आणि किल्टची पिन. ही पिन केवळ वरच्या पदरास लावायची असते. दोन्ही पदरांतून टोचल्यास कापड फाटते.

नवा किल्ट महाग पडतो. त्यामुळे आज विवाहासाठी तो भाड्याने आणणारे पुष्कळ आहेत. भाड्याच्या दुकानांत मोजकीच टार्टन असतात, तेव्हा स्वतःच्या कुळाचे टार्टन न मिळता दुसरेच नेसावे लागते.

पलटणींचे टार्टन

बंदीच्या काळात किल्ट टिकला तो सैन्यात. हायलँडमध्ये पहारा देण्यासाठी १७२५ साली उभारलेल्या तुकड्यांची १७३९ मध्ये पलटण झाली. गडद निळे, काळे व हिरवे टार्टन वापरणारी ही पलटण 'ब्लॅक वॉच' म्हणून प्रसिद्ध आहे. पुढच्या पलटणींनी याच नक्षीवर एखादी पांढरी, तांबडी किंवा पिवळी रेघ घालून आपले वेगळेपण दाखवले, आणि कालांतराने त्या नक्षी पलटण उभारणाऱ्या घराण्याची कुळटार्टन बनल्या. मॅकेंझी टार्टन हे त्याचे ठळक उदाहरण. ते १७९३ साली उभारलेल्या ७८व्या हायलँडर्स पलटणीचे होते. हीच पलटण, ७४व्या हायलँडर्सबरोबर, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांविरुद्ध आर्थर वेलस्लीच्या सैन्यातून लढली. त्या लढाईची स्मृती म्हणून दोन्ही पलटणींना हत्तीचे चिन्ह मिळाले.

सैन्यात मुलाने बापाच्या पलटणीत भरती होणे नित्याचे होते. त्यामुळे अनेक घरांत कुळाच्या टार्टनपेक्षा पलटणीच्या टार्टनशी जिव्हाळा अधिक असे. २००६ साली स्कॉटलंडच्या उरलेल्या पायदळ पलटणी एकत्र करून एकच रेजिमेंट बनवण्यात आली आणि सर्वांना एकच टार्टन मिळाले. जुन्या सैनिकांत यामुळे तीव्र नाराजी पसरली.

ब्रिटिशांच्या काळात हायलँड पलटणींकडून बॅगपाइप भारतीय सैन्यातही आला. आजही भारतीय सैन्याच्या पाइप बँडमधील वादकांच्या पोशाखात टार्टन दिसते.

स्कॉटलंडबाहेर

कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील स्कॉटिश वंशजांत कुळटार्टनचे आकर्षण मायदेशापेक्षाही अधिक आहे, असे अनेकदा म्हटले जाते. भाषा विसरली, गाव पाहिलेले नाही, अशा चौथ्या-पाचव्या पिढीस पूर्वजांशी जोडणारा आडनाव आणि टार्टन हाच धागा उरतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील ग्रँडफादर माउंटन येथे १९५६ पासून भरणाऱ्या खेळांना कुळेच्या कुळे आपापले तंबू ठोकतात. चर्चमध्ये कुळांच्या टार्टनना आशीर्वाद देण्याचा विधी प्राचीन असल्याची समजूत असली, तरी तो वॉशिंग्टनमधील स्कॉटिश धर्मोपदेशक पीटर मार्शल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू केला. उत्तर अमेरिकेत ६ एप्रिल हा टार्टन दिन मानतात. ऑस्ट्रेलियात त्यासाठी बंदी उठल्याची तारीख, १ जुलै, निवडली आहे. अपोलो १२ मोहिमेतील अंतराळवीर ॲलन बीन यांनी १९६९ साली आपल्या मॅकबीन कुळाच्या टार्टनचा तुकडा चंद्रावर नेला होता.

टार्टन आता वंशापुरते मर्यादित नाही. कॅनडाच्या प्रांतांची, विद्यापीठांची व संस्थांची टार्टन आहेत. स्कॉटलंडमध्ये स्थायिक झालेल्या शीख समाजानेही सिंग टार्टन तयार करून घेतले आहे.

नोंदणी

स्कॉटिश संसदेने २००८ साली केलेल्या कायद्यानुसार 'स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स' ही अधिकृत नोंदवही फेब्रुवारी २००९ मध्ये सुरू झाली. ती स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेख विभागाकडे आहे. पूर्वीच्या खाजगी संस्थांच्या याद्या तीत समाविष्ट केल्या असून हजारो नक्षी नोंदल्या आहेत. शुल्क भरून कोणासही नवे टार्टन नोंदवता येते. मात्र ते आधीच्या नोंदींहून पुरेसे वेगळे असावे लागते आणि कुळाचे नाव द्यायचे असल्यास त्या नावाशी अर्जदाराचा संबंध दाखवावा लागतो. प्रत्येक नोंदीत धाग्यांची संख्या, रंग आणि ज्ञात असल्यास रचनाकार व साल दिलेले असते. आपल्या घरातील टार्टनचा उगम तपासू पाहणाऱ्यास ही नोंदवही विनामूल्य पाहता येते.